बाजूच्या सीटवर

पार्सिपनी, डिसेंबर २००६

अप्पा,

तुम्हाला विमानतळावर सोडून आत्ताच घरी आले. गाडी मी चालवली.

अपघातानंतर मी स्टिअरिंगला हात लावत नव्हते. तुमच्या लेकानं, परीक्षितनं समजावून पाहिलं, मग नाद सोडला. तुम्ही नागपूरहून आलात, पण काही विचारलं नाहीत. रविवारी माझ्याबरोबर टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघत बसायचात. तो कारकिर्दीच्या उताराला लागलेला क्वार्टरबॅक, संघाचा चेंडू फेकणारा, आठवतो? अंगावर धावून येणारे दिसले की घाईनं चेंडू फेकून द्यायचा. टीव्हीवर त्याचीच चर्चा.

"घाबरलाय तो, अप्पा."

"घाबरला तं घाबरला, बाप्पा! पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहतेच ना?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही बूट घालून गाडीत जाऊन बसलात. "चल, दूध आणू." मग रोजच काहीतरी आणायचं निघालं. मी कितीही अडखळले तरी तुम्ही दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत राहायचात.

आज हायवेवर एक ट्रक अगदी शेजारून गेला. तुम्ही पाटीच वाचत होतात, पण दारावरचं हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मग आठवलं, ते तुम्ही पहिल्या दिवसापासून धरत होतात. मला वाटायचं, वयामुळे.

हे पत्र पाठवणार नाही. मला कळलं नाही असं तुम्हाला वाटतंय, ते तसंच राहू दे.

पुढच्या वर्षी नक्की या. घ्यायला मीच येईन. हँडल मजबूत आहे.

तुमची,
नेत्रा