बेटावर दिवस लवकर मावळतो

शहीद द्वीप, अंदमान
गुरुवार, ३ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप नवनीतभाऊ यांस,
दीपमालाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं इथे खुशाल आहोत. आई-बाबांना आणि वहिनीला माझा नमस्कार सांग. सांगितला नाहीस तरी मला कळायचं नाही, पण सांग.

पाकिटावरचा शिक्का पाहून चक्रावला असशील. फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून पत्राची वाट धरली. फाडायचं झालं तरी पाकीट आधी फोडावं लागतं, आणि फोडलं की पहिली ओळ वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही. लोकांच्या लग्नपत्रिका तू प्रेस कुठली इथपर्यंत वाचायचास, मला माहीत आहे.

सासूबाई गेल्यापासून विसरवाडीचं घर खायला उठतं. अरिहंत दुकान उघडतो, ठाण उलगडतो, गिऱ्हाईक गेल्यावर तसाच बसून राहतो. एक दिवस म्हणाला, "जिथं कुणी शर्टपीस मागणार नाही अशा ठिकाणी जाऊ." लग्नाला आठ वर्षं झाली, पण आम्ही सापुताऱ्याच्या पुढे गेलो नव्हतो. एकदम विमानात बसलो. सोबत एक अख्खी बॅग खाखरे आणि मेथीच्या ठेपल्यांची. विमानतळावर तपासणाऱ्या बाईने ती बॅग दोनदा उघडायला लावली.

इथलं पाणी मी तुला कसं सांगू! आपल्या तापीचं पाणी मायाळू, पण गढूळ. हात घातला की बोटं दिसत नाहीत. इथे होडीतून वाकलं तर दोन पुरुष खोलीवरची वाळू दिसते. तोंडाला काचेचा चष्मा लावतात, दातांत एक नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडायचं. त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. अरिहंतला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून, हवेच्या टायरला लटकून तो सगळा वेळ माझा हात धरून होता. मनगटावर अजून वळ आहे. आणि मी? मी बुडी मारली, भाऊ. होडीवाला म्हणाला, "मॅडम, कहाँ सीखा?" मी म्हटलं, सारंगखेड्याला, माझ्या भावाने शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून तू मला तापीत सोडायचास आणि मी रडले की आणखी दोन हात लांब जाऊन उभा राहायचास, ते सगळं त्याला सांगितलं. त्याला अर्धं कळलं असेल.

पाण्याखाली शांत असेल असं वाटतं ना? तसं नाही. फुटाणे भाजताना कढईत होतो तसा तडतड आवाज सारखा येत असतो. पोपटी रंगाचे मोठे मासे प्रवाळ कुरतडून खातात, त्यांची कुरकुर वेगळी ऐकू येते. अरिहंतने वर येऊन हात जोडले. म्हणाला, "इतके जीव! आणि आपल्याला पत्ताच नाही." मला तिथे तू हवा होतास. दम कोण जास्त धरतो ते पाहिलं असतं. हरले असतेच, पण तुझ्याशी हरायलाही आता सात वर्षं झाली.

एक गंमत सांगते. इथे सूर्य साडेपाचला मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेट पार पूर्वेला. आमच्या जैन घरात दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही, हे तुला माहीत आहे. माहीत असणारच. म्हणून आम्ही पाच वाजताच ताटावर बसतो. ज्यांच्या घरी उतरलोय त्या बंगाली मावशींना याचं फार हसू येतं. त्या आमच्यासाठी कांदा-लसणाशिवाय वरणभात वेगळा रांधतात आणि शेजारणींना बोलावून आम्हाला जेवताना दाखवतात.

काल परतीच्या वाटेवर होडीचं इंजिन बंद पडलं. किनाऱ्याला लागेपर्यंत अंधारलं. अरिहंत म्हणाला, "चला, आयता उपास घडला." मावशी भातावर ताट झाकून ओट्यावर बसलेल्या. आम्ही जेवत नाही म्हटल्यावर त्यांनी आग्रह केला नाही. फक्त आपलं वाढून घेतलेलं ताटही आत नेऊन ठेवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "मेहमान भूखा सोएगा, तो मेरे गले से कैसे उतरेगा?"

भाऊ, ते ऐकून मला आमच्या दुकानाची पायरी आठवली, आणि तिच्यावर बसलेला तू.

आता ते लिहिते, ज्यासाठी हे पत्र आहे. आतापर्यंत माशांच्या गोष्टी सांगत बसले, कारण हात धजत नव्हता.

लग्नानंतरची पहिली आखाजी आठव, अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी जायच्या तो सण. वर्षभर बाबांनी माझं नाव घेतलं नव्हतं. पाटलाच्या पोरीने मारवाड्याच्या घरात जावं, तेही कोर्टात सही करून. तरी आखाजी आली आणि बाबांचं मन द्रवलं. त्यांनी तुला मुराळी म्हणून मला न्यायला धाडलं. मुराळ्याने बहिणीच्या घरी जेवायचं आणि मग तिला घेऊन निघायचं, म्हणून आईने तुला घरून काही खाऊ दिलं नसणार. नंदुरबारच्या अलीकडे तुझी बस पंक्चर झाली, आणि तू विसरवाडीत आलास तेव्हा दिवे लागलेले.

तू दुकानाच्या पायरीवर बसलास. म्हणालास, "दीपा, सकायपासून पोटमा काही नही व. काय करेल शे?"

मी म्हटलं, "भाऊ, आठे रातले चूल पेटस नही."

"मन्हाकरता बी नही?"

"नही."

तू पाणी प्यालास. "बरं. मंग मी निंघस," म्हणालास आणि हायवेवर जाऊन ट्रकला हात दिलास. दुसऱ्या दिवशी गावात, पारावर, सगळ्यांसमोर माझ्या सासूबाईंवर बोल ठेवून म्हणालास, "त्या मारवाडननी माले नुसतं पाणी पाजीसन धाडी दिन्हं." बाबा म्हणाले, आजपासून या घरातून तिकडे मुराळी जाणार नाही. तेव्हापासून कुणी आलं नाही.

ते खोटं आहे, भाऊ. तू खोटं बोलला नाहीस, तुला खोटं दिसलं.

तू पायरीवर बसलास तेव्हा मी आत सांगायला गेले होते. सासूबाई सामायिकाला, त्यांच्या रोजच्या ध्यानाला, बसत होत्या. एकदा बसल्या की पाऊण तास जागचं हलायचं नाही, हा त्यांचा नेम. आसनावर बसण्याआधी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "बींदणी, थारो भाई आयो है. चूल्हो जळा, ऊने जिमा." चूल पेटव, त्याला जेवू घाल. नेम आपला आहे, पाहुण्याचा नाही, हेही म्हणाल्या.

मी पेटवली नाही.

कारण सांगायला लाज वाटते. मला तेव्हा त्या घरात शंभरपैकी शंभर मिळवायचे होते. कांदा सोडला, लसूण सोडला, पाणी गाळून प्यायला शिकले. शेजारच्या बायका म्हणायच्या, पाटलाची पोर आहे, किती दिवस टिकते बघू. मला वाटलं, सख्ख्या भावासाठीही नेम मोडला नाही म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं बंद होतील. आणि तू काय, माझाच. एक रात्र उपाशी राहशील, सकाळी पोटभर वाढेन. तू निघून जाशील हे माझ्या मनातच आलं नाही. आपलं माणूस कितीही ताणलं तरी तुटत नाही, असं वाटायचं मला.

सासूबाई उठल्या, बाहेर आल्या, म्हणाल्या, "जिमायो?" मी म्हटलं, त्याला घाई होती. त्यांनी थंड चुलीकडे पाहिलं.

पारावरची गोष्ट फिरत फिरत आमच्या दुकानात आली. गिऱ्हाइकांनी त्यांना तोंडावर विचारलं. जडावबाई, पाहुण्याला उपाशी धाडलंत म्हणे? त्या "हां, गलती हुई" म्हणाल्या आणि कापड मोजत राहिल्या. मी बाजूला उभी होते. गप्प होते. सात वर्षं गप्प राहिले. गेल्या पर्युषणानंतर त्या वारल्या, तेव्हा तुमच्याकडून कुणी आलं नाही. का आलं नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी गप्पच.

काल मावशींसमोर बसून मी जेवले. अंधार पडल्यावर, आठ वर्षांत पहिल्यांदा. मी जेवले तेव्हा त्याही जेवल्या. नंतर अरिहंतला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आईची बदनामी केली म्हणून तो माझं तोंड पाहणार नाही. त्याने वाळूत पाय रोवले. मग म्हणाला, "मला माहीत होतं. आईने त्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हणाली, बोल मने लागू दे, छोरी रो पीहर नहीं टूटणो चाईजे."

पोरीचं माहेर तुटू नये, म्हणून तिने बोल घेतला. सासूवर राग राहील, बहिणीवर नाही, असा तिचा हिशेब. माहेर तरीही तुटलं. आणि तिचं नाव आपल्या गावात अजून तसंच आहे.

दर आखाजीला विसरवाडीच्या स्टँडवर मी बघते. भाऊ पुढे, पिशवी त्याच्या हातात, बहीण मागून बडबडत. धुळ्याच्या, शहाद्याच्या गाड्या भरून जातात. मी दुकानात उगाच साड्यांच्या घड्या घालते. निंबाला झोका बांधलाय का, आईच्या सांजोऱ्या फुटल्या का, गौराई पाण्यात सोडायला कोण कोण गेलं, हे कुणाला विचारू? माझा जीव तिथे आहे, भाऊ. समुद्राच्या तळाशी जाऊन आले तरी तिथेच आहे.

यंदा आखाजी तीस तारखेला आहे. ये, असं म्हणायचा हक्क मी घालवला, म्हणून म्हणत नाही. दुसरं मागते, आणि ते मला न्यायला येण्याहून मोठं आहे. ज्या पारावर तू म्हणालास, त्याच पारावर, जी माणसं उरली असतील त्यांच्यासमोर सांग: माले जडावबाईनी नही, मन्ही बहीणनी उपाशी धाडी दिन्हं. बाबांनाही सांग. आईला सांगताना जवळ बस.

एवढं सांगितल्यावर माझ्याकडे मुराळी धाडायला कुणी तयार होणार नाही. ते मी धरून चालले आहे. तरी सांग.

तुला दारातून उपाशी पाठवणारी,
तुझीच बहीण,
दीपा