बेटकराची मोजणी

अंजनवेल,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. स्वानंदी हिस वासंतीआत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आप्पाचा, तुझ्या बाबांचा, दमा थंडीत जरा डोकं वर काढतो, तेवढंच. कलमांना मोहर बरा आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "हं, बोल आत्या" म्हणतेस आणि माझं अवसान जातं.

हे तिसरं पत्र. आधीची दोन चुलीत गेली. आत्ताही मध्येच उठून मागच्या पडवीतले नारळ मोजून आले. कालच मोजले होते.

तुझा पाखरांचा अहवाल पुढच्या सोमवारी जायचा ना? समोरच्या त्या एवढ्याशा बेटाखेरीज जगात कुठेच नाही, म्हणून लोकांनी त्या पाखराला आडनावच दिलं, बेटकर. होडीत आप्पाच्या मांडीवर बसून तू त्याची शीळ ऐकलीस आणि तेव्हापासून वेडी झालीस. परवा म्हणालीस, सव्वीस होते, सात उरले, मांजरांनी घरटी साफ केली. पहिलं मांजर तुला बेटावर नेणाऱ्या सदूच्याच होडीतून गेलं हे कळल्यावर तू त्याला कामावरून काढलंस. अहवालातही त्याचं नाव घालणार आहेस.

होडी सदूची, हे खरं. मांजर माझं होतं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आप्पाला सांगितलं, मांजर घरात नको. ठकीला मी दोनदा गुहागरात सोडली, दोनदा परत आली. पाण्यापलीकडे सोडलेलं मांजर परतत नाही, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. खाडीपलीकडे दाभोळला कुत्री फार. बेटावर मासळी सुकवतात, तिचं पोट भरेल, एवढाच विचार केला. बेटकराचं डोक्यातच आलं नाही.

हे खोटं आहे. सदूनेच विचारलं होतं, पाखरांचं काय. एक मांजर असं काय करणार, म्हणून मी त्याला गप्प केलं, आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावलंही. आप्पाला वाटतं, ठकी देवरुखला माझ्या मैत्रिणीकडे सुखात आहे.

आणि ती एकटी नव्हती गं. गाभण होती. पोत्यात घालताना पोट हाताला लागलं होतं.

काल सदूकडे गेले. अंगणात जाळं शिवत बसला होता. तुझ्यावर आळ आला तरी बोलला का नाहीस, असं विचारलं. मान वर न करता म्हणाला, "ताय, तुमीच बोल्लात ना, कोनाला सांगू नको. मग मी कसा सांगीन?" त्याच्या बायकोने चहा केला.

तू पिंजरे घेऊन येशील तेव्हा मला बेटावर ने. तिची पोरं रानटी झाली असतील, पण ठकी माझ्या हाकेला येईल. यायला हवी. होडी मात्र सदूचीच. आप्पाला मी आजच सांगते, जेवणं झाली की. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, त्याच्याशी बोल.

नेहमी खाली 'तुझी आत्या' लिहिते. आज पूर्ण नाव लिहिते आहे. अहवालात सदूचं नाव आहे तिथे हे घाल.

वासंती विष्णू परचुरे