काटा चाळीसवर होता

३ मार्च

आली! फिरत्या दवाखान्याची व्हॅन दहा महिन्यांनी पुन्हा माझ्या गॅरेजात. नवा ड्रायव्हर म्हणाला, "स्पीडचा काटा मधेच मरतो, मधेच नाचतो. हिला फोर-व्हील ड्राइव्ह तुम्हीच केलंत ना? मग तुम्हीच बघा."

मीच केलं. डोंगरातल्या रस्त्यांसाठी मोठे टायरही मीच घातले.

दार उघडलं. नर्सबाईंची सीट नवी बसवली आहे. तिकडे बघवेना.

४ मार्च

काट्याला वेग कळवणाऱ्या सेन्सरच्या प्लगात पाणी. पिना हिरव्या पडलेल्या. नवा प्लग लावला. काटा मरतोच आहे.

५ मार्च

सापडलं! सेन्सरची वायर सायलेन्सरला टेकून वितळली होती. बदलली. काटा आता शहाण्यासारखा चालतो.

ताईला फोन केला. भावोजी कसे आहेत? "आहेत. खिडकीशी बसलेत." रोजचंच उत्तर.

अपघाताच्या दिवशी व्हॅन भावोजीच चालवत होते. वळणावर उलटली. नर्सबाई जागच्या जागी गेल्या. "काटा चाळीसवर होता" — चौकशीत भावोजी पुन्हा पुन्हा हेच सांगत राहिले. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा बऱ्याच जास्त वेगाचं सांगत होत्या. लायसन्स गेलं, नोकरी गेली. आणि मी काय केलं? ताईच्या देखत म्हणालो, "भावोजी, काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." तेव्हापासून माझं त्या घरी जाणं नाही.

६ मार्च

गाडी द्यायच्या आधी सरळ रस्त्यावर चक्कर मारली. शेजारी फोन ठेवला, त्यातही वेग दिसतो. काटा चाळीस. फोन छप्पन्न. वळलो, परत आलो. चाळीस — छप्पन्न. गाडी कडेला घेतली.

गॅरेजात येऊन सेन्सर फिरवणारं छोटं दातेरी चाक काढलं. दाते मोजले. एकवीस. एवढ्या मोठ्या टायरांना पंधराचं हवं. जास्त दाते म्हणजे चाक सावकाश फिरणार, काटा कमी दाखवणार.

आठवलं सगळं. पंधराचं मिळत नव्हतं, दवाखान्याला गाडीची घाई होती, हाताशी होतं ते ठोकून दिलं. 'नंतर बदलू.' नंतर!

भावोजी खरं बोलत होते. आणि मी त्यांना खोटं ठरवलं.

७ मार्च

आज एकाही गाडीला हात लावला नाही. दवाखान्याच्या ऑफिसला पत्र लिहिलं. चूक माझी, ड्रायव्हरची नव्हे. चार कागद फाडले, पाचव्यावर सही केली. आधी भावोजींना दाखवायचं. उद्या.

८ मार्च

ताईनं दार उघडलं, आत घेतलं. भावोजींपुढे पत्र ठेवलं. दोनदा वाचलं त्यांनी. मग पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.

"तुम्ही कशाला, भावोजी?"

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं काटा कमी दाखवतो ते. तू नवीनच गॅरेज टाकलं होतंस, म्हटलं कशाला बोभाटा. वर पंधरा-वीस मिळवूनच चालवायचो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "त्या दिवशी नर्सबाई काहीतरी गमतीचं सांगत होत्या... मिळवायचं राहून गेलं."