फोटोतला अंगठा

म्हैसूर, मंगळवार, संध्याकाळ

गावाबाहेरच्या वरुणा तळ्यात मोत्यांसाठी शिंपले वाढवायला बाबांनी सुरुवात केली. पण जिवंत शिंपला उघडून आत मोती धरायला मणी बसवायचं काम तीस वर्षं मीच करतेय. नखाएवढीच फट पाडायची. जास्त उघडला की मेलाच. अंगठा चिरून चिरून निबर झालाय माझा.

आज पेपरवाले बातमीसाठी फोटो काढायला आले. धाकटा भाऊ रघू म्हणाला, "आमच्या तीन पिढ्या!" म्हणजे बाबांची तसबीर, तो आणि त्याचा मुलगा. मुलाला शिंपला उघडा धरता येईना.

"अक्का, स्वल्प बाजूनं धर. फोटोत येऊ नकोस, अं?"

धरला. का धरला?

फोटोच्या कडेला माझा अंगठा आलाच. रघू त्यांना म्हणाला, "तेवढा काढून टाका."

आणि मीच सगळ्यांना कॉफी दिली.