हिरकणी ड्रेसेसची दोरी

घोलवड,
३ फेब्रुवारी २०२५

ती. वर्षाताईस,
रघ्याचा शि. सा. न. वि. वि. शाळेत पत्रलेखनातलं एवढंच पाठ झालं होतं, म्हणून ते आधी उरकतो.

मी बरा आहे. मोबाईल नाही. चिकू भरताना तो खिशातून खोक्यात पडला, वर चिकू बसले, खोकं बंद झालं आणि गाडी दिल्लीला गेली. आता तिकडे कोणीतरी फळं खात माझे फोटो बघत असेल. म्हणून हे पत्र. लहान्या टेम्पो घेऊन तलासरीला येतो, त्याच्याकडे देतोय. तो वाचणार नाही, तशी शपथ घातलीय. या वाडीत मला दोन महिने झाले. त्याआधी ढाबा, त्याआधी नर्सरी. तू मोजत बसू नको.

काल चप्पल घ्यायला डहाणू रोडला गेलो. चप्पल राहिलीच. पाय सवयीने हिरकणी ड्रेसेसकडे वळले, आणि ताई, तिथे हिरकणी ड्रेसेस नाही! मोबाईलची कव्हरं लटकतायत. दुकानदार विचारतो, कुठल्या मॉडेलचं देऊ. ज्याचा मोबाईल दिल्लीला, त्याला! मी म्हटलं, इथे आरसा होता तो कुठाय? तर म्हणे, कसला आरसा.

चौदा वर्षांचा होईपर्यंत मी ते दुकान बघितलं नव्हतं, पण अंगावरचे कपडे तिथलेच. दिवाळीआधी बाबा आपली मापं दोरीवर घ्यायचे, तुझ्या गाठी, माझ्या गाठी, ती दोरी दुकानात न्यायचे, आणि हिरकणीबाई त्या गाठी चाचपून कपडे काढून द्यायच्या. एका वर्षी बाबांऐवजी सुक्याकाका गेला, तो चुकून बकरीची दोरी घेऊन, त्या वर्षीची माझी पँट आठवते? दोन पोरं मावली असती. मग चौदाव्या वर्षी मी स्वतः गेलो. बाकीच्या दुकानांत आपल्याला पायरीवरूनच विचारायचे, बोट दाखव, काय पाहिजे. हिरकणीबाईंनी अख्खा गठ्ठा पुढ्यात टाकला आणि म्हणाल्या, हात लाव, कापड चावत नाही. आणि तो आरसा! आपल्या घरच्या आरशात मी तोवर तुकड्यातुकड्यानेच दिसलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यापासून पायापर्यंत दिसलो, लाल-काळ्या चौकड्याच्या शर्टात. खरं सांगतो, बरा दिसत होतो.

तर मुद्दा हा. होळीनंतर तुझ्या लग्नात मी तुझ्या सासरच्यांनी ठरवलेली ती भाड्याची शेरवानी घालणार नाही. दुसऱ्याच्या घामाची, मोत्याच्या माळा लटकणारी. धनेशच्या घरच्यांना नसेल चालत तर मी मांडवाबाहेर उभा राहीन, पण शर्टात.

आईला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आटला असेल तर नुसत्या शिव्या पाठव, त्याही चालतील.

तुझा,
रघ्या


तलासरी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. रघ्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लहान्याने पत्र हातात दिलं आणि दिल्लीवाल्याला चिकू गोड लागले का म्हणून हसला. म्हणजे त्याने वाचलं. पुढच्या वेळी पाकीट चिकटवून पाठव.

आई म्हणते, तो चड्डीवर आला तरी चालेल, पण ये म्हणावं. मी म्हणते चालणार नाही. दुकानाचं एवढं कौतुक करतोस, पण त्या चौकड्याच्या शर्टाच्या बाह्या तुझ्या बोटांखाली लोंबायच्या, ते विसरलास? स्वतः गेलास खरा, पण बाबांनी दोरी दिली होती सोबत. दोन वर्षं पुरावं म्हणून ते गाठ मुद्दाम चार बोटं पुढे मारायचे. तो शर्ट तुला बसायला लागला तोवर कोपर फाटलं होतं. मापाचं असं आपल्याला कधी काही मिळालंच नाही रे.

मला ते दुकान आरशासाठी आठवत नाही. दहावीच्या सुट्टीत मी तिथे काज-बटण करायला बसायचे. एक दिवस हिरकणीबाई मशीनवरून उठल्या आणि मला म्हणाल्या, बस. आज आपल्या पाड्यावरचे ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश माझ्या हातचे आहेत, ते त्या एका दिवसामुळे.

आता पुढचं वाच आणि चिडू नको. गेल्या रविवारी धनेशची आई आली होती, त्यालाही घेऊन. फार गोड बोलली. म्हणाली, मशीन आणू नकोस, आमचं दार अरुंद आहे, आत जायचं नाही. मग निघताना आपल्या आईला हळूच म्हणाली, सून लोकांचे कपडे शिवते हे बरं दिसत नाही. धनेश चहाच्या कपात बघत होता. मी हो म्हटलं. मशीन शेजारच्या बायजीला देऊन टाकीन, तिची मुलगी शिकेल. एका मशीनसाठी लग्न मोडतं का कोणी? शेरवानीचंही तसंच समज आणि गुमान घाल.

जेवत जा. चिकूवर भागवू नको.

तुला बोलणी घालणारी आणि तुझी वाट बघणारी,
ताई


घोलवड,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तीन खोकी चुकीची भरली.

मग त्या कव्हरवाल्याकडे परत गेलो. त्याने पत्ता दिला. हिरकणीबाई इथेच, घोलवडला राहतात! दोन महिने मी त्यांच्या कुंपणाजवळून रोज चालतोय. मी मयताच्या घरी जावं तसा चेहरा करून गेलो, तर बाई ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ काढत होत्या. म्हणाल्या, दुकान गुडघ्यांनी सोडलं, मी नाही. मला काही ओळखलं नाही. मी बकरीच्या दोरीची गोष्ट सांगितली, तेव्हा एवढ्या हसल्या की मिरच्या सांडल्या. आत खिळ्याला दोऱ्यांचा हा एवढा झुबका, घराघराची दोरी वेगळी. आपली बरोबर काढून दिली.

त्यांना तुझ्या मशीनचं सांगितलं. मला वाटलं हळहळतील. त्यांनी एवढंच विचारलं, दार मोजलं कोणी?

ताई, पाड्यावरच्या प्रत्येक बाईची कंबर मोजल्याशिवाय तू कापडाला कात्री लावत नाहीस, आणि दार न मोजताच हो म्हणालीस? मी बारा ठिकाणची कामं सोडली, तुम्ही सगळे मला उनाड म्हणालात. पण मला नको होतं ते मी सोडलं. तू तर हवं ते सोडतेयस.

सोबत दोरी पाठवतोय. एका टोकाला बाबांच्या गाठी आहेत, त्या सोडू नको. दुसऱ्या टोकाला माझ्या नव्या. खांदा, छाती, बाही, उंची. हिरकणीबाईंनी समोर बसवून मारायला लावल्या. एकही पुढे सरकवलेली नाही. अक्कल सोडून माझं आता काही वाढायचं नाही. शर्ट तूच शिव. मधली दोरी मोकळी आहे, तिचं काय करायचं ते तू बघ.

पाकीट चिकटवलंय. लहान्या रुसलाय.

तुझ्यावर रागावलेला, तरी तुझाच,
रघ्या


तलासरी,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. रघ्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शर्ट झाला. लाल-काळी चौकडी कुठेच मिळाली नाही, उंबरगावहून निळी-काळी आणली. कुरकुर करू नको. बाही मनगटावर थांबते.

काल आम्ही धनेशकडे मानपानाच्या याद्या ठरवायला गेलो होतो. निघण्याआधी मी दोरीच्या मोकळ्या भागावर मशीनच्या टेबलाच्या दोन गाठी मारून घेतल्या. चहा झाल्यावर पिशवीतून दोरी काढली आणि दारात जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, तुम्ही दार अरुंद म्हणाला होतात, ते मोजते. आई जमिनीकडे बघायला लागली. एकटीने धरून गाठ चौकटीवर टिकेना, तरी मी दोरी खाली ठेवली नाही. तेवढ्यात धनेश कप ठेवून उठला आणि त्याने दुसरं टोक धरलं.

मशीन आडवं जातं. चार बोटं उरतात.

सासूबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, जे म्हणतील त्यांना ब्लाऊजपीस घेऊन पाठवा. आणि हेही सांगितलं, की मी आणि मशीन एकाच गाडीतून येऊ, नाहीतर दोघंही नाही. त्या अजून बोलत नाहीत. बोलतील. नाही बोलल्या तरी दार तेवढंच राहणार आहे.

तुझी शेरवानी परत पाठवली.

वेळेवर ये. मशीन उचलायला दोन माणसं लागतात. एक मिळालाय.

माया आहेच, ती मोजू नको.

तुझी,
ताई