झाड पडलं त्या जागी

प्रिय आईस,
प्रभूच्या कृपेने मी धडधाकट आहे, पोटभर जेवतो.

पण आज मी हबकलोच गं! गेल्या वर्षी जंगलात झाड तोडताना ते माझ्या कामावरच्या जोडीदारावर कोसळलं आणि तो गेला. तेव्हापासून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. आज जावं लागलं, तर पांढऱ्या रानफुलांनी जमीनच दिसेना! बी मातीतच होतं म्हणे; झाड गेलं नि ऊन पोचलं. देवाचं नावही न घेणाऱ्या मुकादमाने टोपी काढली. मला प्रभूच्या रिकाम्या कबरेवरून लोटलेली धोंड आठवली.

घाबरू नकोस, झाड पडलं तेव्हा मी लांब होतो. तसा फार लांब नाही.

बाबा गेल्यापासून त्यांच्या खोलीची खिडकी तू बंदच ठेवलीयेस ना? आज उघड गं.

तुझा थोरला