वाकडी कॉलर

ड्रेबेन, ४ मार्च १९९३

चि. सिल्के हिला आजोबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

खोकला गेला का? हॅम्बुर्गची हवा दमट, गळपट्टा विसरू नकोस. इथे सशांना सर्दी झाली होती, आता बरे आहेत.

पत्राचं कारण असं. नव्वदच्या उन्हाळ्यात, पैसा बदलून पश्चिमेचा मार्क आला तेव्हा, बर्लिनचे लोक आपल्या गावात चित्रपट करून गेले होते. एक मुलगी मोठी होते आणि त्याच उन्हाळ्यात तिचा देश, आपला पूर्व जर्मनी, नाहीसा होतो, अशी गोष्ट. बर्लिनमध्ये तो रिकाम्या खुर्च्यांपुढे चालला म्हणतात. आपलंच दुःख तिकीट काढून कोण बघणार? आता आपलं थिएटर बंद होऊन तिथे गालिच्यांचं दुकान येतंय, म्हणून १४ तारखेला, थिएटरच्या शेवटच्या रविवारी, तोच दाखवणार आहेत. त्यात तरुणदीक्षेचा, म्हणजे चौदाव्या वर्षी पोरांना मोठ्यांत घेतात त्या समारंभाचा, प्रसंग आहे. तुझ्या दीक्षेसाठी शिवलेला निळा ड्रेस आजीने त्यातल्या नटीला दिला होता. गावकऱ्यांना नुसतं बसायचं होतं, तरी सगळे फुलं घेऊन गेले. दीक्षेला रिकाम्या हाताने जायचं कसं? मी सशांपायी घरीच राहिलो. तिथे काय झालं ते आजी कधी बोलली नाही. तू ये. कॉटबुसला गाडी बदलताना फलाट विचार, हल्ली सगळंच बदलतात.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आल्विन आजोबा

हॅम्बुर्ग, ९ मार्च

ती. आजोबांना सिल्केचा नमस्कार.

गळपट्टा गळ्यातच आहे, शपथ. पण मी येणार नाही, रागावू नका. आईने मला दीक्षेच्या आठवडाभर आधी इकडे आणलं, तेव्हा आजी स्टेशनवर आली नाही. नंतर तुमच्या पत्रांखाली तिने नुसती सहीसुद्धा केली नाही. गेल्या हिवाळ्यात गेली तीही माझ्यावर रुसूनच. माझा ड्रेस परक्या मुलीला देऊन टाकला, यातच काय ते आलं. तो बघायला एवढ्या लांब येऊ? तुम्ही मात्र जा, आणि नोआकबाईंशेजारी बसू नका. त्या शेवट आधीच सांगतात.

माया आटू देऊ नका,
सिल्के

ड्रेबेन, १५ मार्च

चि. सिल्के हिला आशीर्वाद.

नोआकबाईंनी मला शेजारीच बसवलं. म्हणाल्या, आल्विन, झोपलात तर घोरू नका, सशांना ऐकवता तेवढं पुरे. आम्ही मोजकी म्हातारी माणसं. अंधार झाला आणि भिंतीवर आपलं गाव उजाडलं. खाणीवरचा धूर, बेकरीपुढची रांग, सगळं जसंच्या तसं. सिल्के, जे उरलं नाही ते इतकं खरं कसं दिसतं? चर्चमध्ये मी कधी जात नाही, पण टोपी आपोआप निघाली.

मग दीक्षेचं सभागृह आलं. गोष्टीतल्या मुलीचं बिर्गिट असं नाव पुकारलं आणि ती नटी तुझ्या निळ्या ड्रेसात मंचावर चढली. सांगितल्याप्रमाणे सगळे गप्प बसलेले. आणि रांगेतून तुझी आजी उठली. अख्ख्या भिंतीएवढी! सरळ मंचावर गेली, त्या पोरीची वाकडी कॉलर सारखी केली, हातात फुलं दिली आणि म्हणाली, सिल्के, ताठ उभी राहा, आजपासून लोक तुला अहो-जाहो करणार. पोरगी भांबावली, पण खरंच ताठ झाली आणि रडू लागली. नोआकबाई पुटपुटल्या, अगं बाई, तुमची फ्रीडा नावच चुकली की. चित्रपटवाल्यांनी ते कापलं कसं नाही, देव जाणे. मी आयुष्यभर तिच्याजवळ राहिलो, पण ती त्या दिवशी दीक्षेला गेली होती, शूटिंगला नव्हे, हे मला काल कळलं.

रिळं शनिवारी परत जातात. यंत्रावरचा माणूस म्हणतो, शनिवारी सकाळी एका माणसासाठीसुद्धा लावीन. तू नाही आलीस, तर आजी ते पुन्हा परक्या पोरीलाच सांगेल.

तुझा,
आल्विन आजोबा

हॅम्बुर्ग, १७ मार्च

ती. आजोबा, नमस्कार.

शुक्रवारच्या गाडीने येते. कॉटबुसचा फलाट विचारून ठेवलाय. तुमचं पत्र आईने दोनदा वाचलं. मग म्हणाली, फुलं घेऊन जा, दीक्षेला रिकाम्या हाताने जायचं नसतं.

कोटाची कॉलर मी वाकडीच ठेवून येणार आहे. ती सारखी करायचं काम आता तुमचं.

तुमची,
सिल्के